शैलजाताईंचा उजवा हात

शैलजाताई,

तुमच्या तेराव्याला केळशीच्या घरी मागच्या पडवीत बसून आम्ही बायका लाडू वळत होतो. तुमच्या शेजारच्या इंदूकाकी म्हणाल्या, "शेवटपर्यंत हिंडती-फिरती होती हो. फक्त तो उजवा हात तेवढा पुरता सुटला नाही." त्यावर वृंदा म्हणाली, "सुटला असता. पहिला दीड महिना आईने आळस केला. तेच दिवस महत्त्वाचे असतात, फिजिओ मॅडम सांगून थकल्या." तिच्या आवाजात राग नव्हता. गेलेल्या माणसाच्या खोडी सांगतात तसं ती सांगत होती.

माझ्या हातातला लाडू वळून झाला होता. मी तो ताटात ठेवला आणि दुसरा घेतला.

चौऱ्याहत्तर वर्षांची झाले, पण बोलायचं तिथे गप्प आणि गप्प बसायचं तिथे बडबड, ही खोड काही गेली नाही. तुम्ही आळशी नव्हतात हे त्या पडवीत एकट्या मला ठाऊक होतं. तो दीड महिना मी घालवला. तुमच्या लेकीला हे सांगायचं की नाही, एवढाच आता प्रश्न आहे, आणि तुम्ही तर मला सांगू नका म्हणून बजावून ठेवलंयत. तेव्हा आधी तुमच्याशीच भांडून घेते.

माझ्या मूर्खपणाचा पाया माझ्या मिलिंदच्या आणि तुमच्या वृंदाच्या लग्नात घातला गेला, म्हणून तिथूनच सुरुवात करते. तुमच्या दारात मांडव. मी वरमाई, एक्कावन्न वर्षांची, जांभळी पैठणी, आणि अंबाड्यावर गजरा एवढा मोठा की मान वळवायची तर खांद्यापासून वळावं लागे. ताठा कशाचा होता ते आजही सांगता येत नाही. मिलिंदने नोकरी स्वतः मिळवली, बायको स्वतः शोधली. मी फक्त पैठणी नेसले होते. विहिणींच्या पंगतीला मुलीच्या आईने वाढायचं ही रीत. तुम्ही आत अडकला होतात, कारण पाण्याचा पंप ऐन वेळी बंद पडलेला, आणि तुमचे यजमान चारच दिवसांपूर्वी बोटीवरून रजेवर आलेले, त्यांना घरात विळी कुठे असते तेही माहीत नव्हतं. म्हणून तुमची जाऊ तूप घेऊन आली. मी ताटावर हात आडवा धरला. म्हटलं, "विहीणबाई वाढतील तेव्हाच." शेजारच्या बायका हसल्या. मला वाटलं, कौतुकाने हसल्या. तुम्ही ओल्या हातांनी धावत आलात, पदर खोचलेला, कपाळावर घाम, आणि माझ्या भातावर तूप वाढून एक शब्द न बोलता परत गेलात. ही हकिकत मी पुढे कितीतरी वर्षं हळदीकुंकवाला बायकांना रंगवून सांगितली, मी कशी जिंकले म्हणून.

त्यानंतर वीस वर्षांनी तुम्ही आमच्या रत्नागिरीच्या फ्लॅटमध्ये चाकाच्या खुर्चीतून आलात. अर्धांगाचा झटका. उजवा हात लोंबता, उजवा पाय लाकडासारखा, तोंड जरासं वाकडं, जीभ जड. दवाखान्यातून सोडताना सांगितलं होतं, आता औषधापेक्षा व्यायाम जास्त. केळशीला दिवसाआड येणारी फिजिओथेरपिस्ट कुठून आणायची, म्हणून वृंदाने तुम्हाला इकडे आणलं. उंबऱ्यातच तुम्ही म्हणालात, "विहीणबाई, त्रास देत्ये." मी म्हटलं, "त्रास कसला, घर तुमचंच आहे." ते तुमचं घर नाही हे आपल्या दोघींनाही चांगलं माहीत होतं. लेकीच्या सासरी पाण्याचा घोटही घ्यायचा नाही, असं मानणाऱ्या बाईच्या हाताखाली तुम्ही वाढलेल्या.

मग सायली यायला लागली. चिपळूणची, चेहऱ्याने अकरावीतली, पाठीवर सॅक. पहिल्या दिवशी मी तिला पाणी दिलं आणि विचारलं, "मॅडम कधी येणार?" ती म्हणाली, "मीच." तुम्ही त्या वाकड्या तोंडाने हसलात ते मी पाहिलं.

तिने आपल्याला समोर बसवून समजावलं. मेंदूतून हाताकडे जाणारा रस्ता बंद झालाय. घाटात दरड कोसळली की गाड्या गावातल्या वाटेने वळवतात, तशी दुसरी वाट काढायची. पण ती चालून चालूनच पडते. आणि सुरुवातीच्या दिवसांत ती लवकर पडते, नंतर पडायला वेळ लागतो. "आणि आजी, वाट त्यांनीच चालायची. तुम्ही त्यांच्यासाठी चालून उपयोग नाही," हे ती माझ्याकडे बघून म्हणाली होती. मी मान हलवली. मान हलवण्यात मी पहिल्यापासून हुशार.

आठवड्यातून तीन दिवस ती येणार, उरलेले चार दिवस घरच्यांनी करून घ्यायचं. वृंदा शाळेत, मिलिंद ऑफिसात, म्हणजे घरचे म्हणजे मी. तिने एक वही दिली. खुर्चीतून वीस वेळा उठणं-बसणं. पाठीवर पडून, गुडघे वाकवून कंबर उचलणं. उजव्या हाताने ग्लास टेबलाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरकवणं. डबीचं झाकण उघडणं. प्रत्येकापुढे चौकोन, केलं की बरोबरची खूण.

आता तुम्हीच सांगा, विहिणीला "उठा, बसा, उठा, बसा" असं सांगायचं कसं? आमच्याकडे विहिणीला चहा घेणार का असं विचारतसुद्धा नाहीत, कप पुढे ठेवतात. पहिल्याच दिवशी तुम्ही चौथ्यांदा उठलात, पाय लटपटला, कपाळावर घाम आला. मला तो मांडवातला घाम आठवला. म्हटलं, "राहू दे हो, पडा जरा." आणि वहीत खूण केली. दुसऱ्या दिवशी तुमचा हात ग्लासाकडे निघाला. बोटं टेबलावरून खेकड्यासारखी सरकत होती, बघवेना. मी मधेच ग्लास उचलून तुमच्या तोंडाला लावला. खूण. डबीचं झाकण मी आधीच सैल करून ठेवायची. खूण. तुम्ही डाव्या हाताने जेवणार नाही, उजव्याने घास उचलत नाही, म्हणून मी वरणभात कालवून भरवायची. त्यासाठी चौकोन नव्हता, नाहीतर तिथेही केली असती. माझ्या त्या खुणा इतक्या सुबक होत्या की शाळेत माझं अक्षर तसं असतं तर बाई मला ओरडल्या नसत्या.

वर मी स्वतःला फार थोर समजत होते. जिने विहिणीला मांडवात पळवलं तीच आता तिला तळहातावर झेलतेय, असलं काहीतरी मनात घोळवायची. एकाहत्तर वर्षांची बाई आणि नाटकं सुटली नव्हती. पूर्वी मानाची करायची, आता सेवेची.

दीड महिन्याने सायलीने तपासलं. ग्लास सरकवायला सांगितला, तो सरकला नाही. घड्याळ लावून उठायला-बसायला लावलं, सातव्यांदा तुम्ही खुर्चीत कोसळलात. तिने वही उघडली. पानं उलटली. पुन्हा तुमच्याकडे पाहिलं.

"वही तर पूर्ण भरलेली आहे. मग हात असा का, आजी?"

वृंदा त्या दिवशी मुद्दाम रजा घेऊन घरी थांबलेली. मी दारात उभी होते, हातात फणसाच्या गऱ्यांची बशी.

तुम्ही जड जिभेने म्हणालात, "मीच करत नाही. यांना खोट्या खुणा करायला लावत्ये."

मग वृंदा जी सुटली. "अगं आई, तुला बरं व्हायचंय की नाही? अहो आई या वयात तुझं सगळं करतात, आणि तू त्यांना खोटं लिहायला लावतेस? मी शाळेत मुलांना वही भरायला सांगते तेव्हा मुलंसुद्धा असं करत नाहीत." ती बरंच बोलली. तुम्ही मांडीवरच्या उजव्या हाताकडे बघत होतात. आणि मी काय म्हटलं ते आठवतंय ना? मी म्हटलं, "जाऊ दे गो, आजारी माणूस आहे."

वृंदा येऊन माझ्या गळ्यात पडली. मी गरे आत नेऊन ठेवले.

लबाड्या मी लहानपणापासून केल्या. आजीच्या बरणीतल्या साखरेत पाकवलेल्या आवळ्याचा तुकडा अन् तुकडा मीच खाल्ला आणि मांजराचं नाव पुढे केलं. पण "जाऊ दे गो, आजारी माणूस आहे" याच्या जवळपास येईल असं एकही वाक्य मी आयुष्यात बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी घरात दोघीच उरल्यावर मी तुमच्यासमोर जाऊन बसले.

"का असं म्हणालात?"

"मग काय म्हणू? तुझी सासू खोटं लिहित्ये, असं सांगू लेकीला?"

"सांगायचं. मी आज सांगणार आहे."

"नाही सांगायचं." वाक्य पुरं करायला तुम्हाला वेळ लागायचा, मधे श्वास घ्यायचात, पण म्हणूनच ते मधे तोडता यायचं नाही. "आईवर चिडली तर चार दिवसांत विसरेल. सासूवर चिडली तर नाही विसरायची. तिला इथे राहायचंय. मला नाही."

"म्हणजे?"

"मला केळशीला जायचंय. आपल्या हाताने भात टाकून जेवायचंय. लेकीच्या सासरी मरण नको मला. तुम्हाला चाललं असतं?"

मी खरंच विचार केला. म्हटलं, "नसतं चाललं."

"मग मला निजवून का ठेवताय? तुमच्या पाहुणचाराने मी आडवी झाल्ये."

मला इतकं सरळ आजवर कोणी बोललं नव्हतं. नवरासुद्धा नाही, आणि त्याला रोज संधी होती.

तोडगाही तुम्हीच काढलात. दुपारी मी तुमच्यासाठी वरणभात कालवायला घेतला तर म्हणालात, "आज तुम्ही बसा. मी वाढत्ये." मी हसले. तुम्ही हसला नाहीत. "वरमाई ना तुम्ही? विहिणीनेच वाढायचं म्हणून अडून बसला होतात. बसा आता."

वीस वर्षं पोटात ठेवलं होतंत हो. आणि काढलंत ते असं, की मला उठताही येईना.

मी बसले. टेबलावर भाताचं पातेलं, तुमच्या उजव्या हातात भातवाढी. पहिल्या दिवशी ताटात एक शीत पडलं नाही. भात टेबलावर, खाली, माझ्या मांडीवर. मी ताट जरा पुढे केलं तर म्हणालात, "ताट जागेवर." तुमच्या मनगटाला हात लावायला गेले तर म्हणालात, "हात मांडीवर." चौथ्या दिवशी ताटात तीन शितं आली, आणि त्यांच्यावर वाढलेलं वरण माझ्या पदरावर. ताटात येईल तेवढंच मी जेवायचं असं ठरलेलं. पाचव्या दिवशी स्वयंपाकघरात ओट्याकडे तोंड करून मी शेंगदाण्याचा लाडू खात होते, तर मागून आवाज आला, "विहीणबाई, वाढल्याशिवाय जेवलात?" मी चोरासारखी उभी. तुम्ही दाराची चौकट धरून उभ्या. खुर्ची तिकडे, तुम्ही इकडे. कोणाच्या आधाराशिवाय सहा पावलं टाकून तुम्ही मला पकडायला आला होतात, हे आपल्या दोघींच्या लक्षात आलं ते मी लाडू गिळल्यावर.

सायलीला मी वहीचं खरं काय ते सांगून टाकलं. ती ओरडली नाही. म्हणाली, "आजी, मी त्या वहीवरून पुढचं ठरवत होते." बस, एवढंच. ओरडली असती तर परवडलं असतं. भातवाढीचं ऐकल्यावर मात्र तिने सॅक खाली ठेवली. "दाखवा." तुम्ही दाखवलंत, मी भातात न्हाले. ती म्हणाली, "हे रोज करायचं, दोन्ही वेळा. भात मोकळा करा, गुरगुट्या नको. ताट दर आठवड्याला चार बोटं लांब." दांड्याला फडकं गुंडाळून जाड केलं म्हणजे पकड बसेल. डाव्या हातात जाड मोजा घातला, म्हणजे तो मधे लुडबुड करणार नाही. मी विचारलं, "आणि माझ्या हातात?" ती म्हणाली, "तुम्हालाही दोन देते."

एकदा तिने आरसा आणला. तुमच्या दोन हातांच्या मधे तो उभा धरला, उजवा हात आरशामागे, डावा पुढे. डावा उघडमीट करायचा आणि आरशात बघायचं, म्हणजे मेंदूला वाटतं उजवाच हलतोय. मी म्हटलं, "मला वाटलं भुवया कोरायला शिकवताय." तुम्ही माझ्याकडे लक्ष दिलं नाहीत. कितीतरी वेळ आरशातल्या त्या धडधाकट उजव्या हाताकडे बघत होतात. मग म्हणालात, "खोटं आहे ते, पण बघायला बरं वाटतं." मी आत जाऊन उगाच भांडी घासली.

पायऱ्यांचं वेगळंच. तुमच्या घरी पोचायला अकरा पायऱ्यांची पाखाडी, चिऱ्याची, एक पायरी दुसरीसारखी नाही, बाजूला कठडा नाही. आमच्या बिल्डिंगचा जिना म्हणजे मापून कापलेला. सायलीने मागच्या जुन्या विहिरीकडे उतरणाऱ्या सात पायऱ्या शोधून काढल्या. उजव्या पावलाला ती पांढरी प्लास्टिकची पट्टी, पाऊल लोंबून अडकू नये म्हणून. तुमच्या कमरेला रुंद पट्टा, तो मागून धरून मी. "चढताना चांगला पाय आधी, उतरताना वाईट पाय आधी," सायली सांगायची. तुम्ही तिला विचारलंत, "वाईट का म्हणत्येस गो त्याला? त्याने काय केलंय?" तेव्हापासून ती डावा-उजवा म्हणायला लागली. मी जरा कुठे तुमचा तोल जातोसं वाटलं की पट्टा ओढायची. "अहो, पडू तरी द्या, मग धरा," असं तुम्ही किती वेळा म्हणालात. ते काही मला शेवटपर्यंत जमलं नाही. आपलं ते भांडण अर्धंच राहिलं.

आठ महिन्यांनी सायली म्हणाली, काठीने चालतात, पायऱ्या चढतात, हात पूर्ण नाही पण मदतीला येतो. बटण लागत नव्हतं, नारळ खवता येत नव्हता, पण पातेलं धरता येत होतं आणि भात वाढता येत होता. तुम्ही लगेच पिशवी भरायला काढलीत. वृंदाने साफ नाही म्हटलं. यजमान नाहीत, एकटी बाई, पुन्हा झटका आला तर दवाखाना लांब. मग ती माझ्याकडे वळली. "अहो आई, दिवसभर तुम्ही बघता. राहील का ती एकटी?"

आता हे तुम्हाला कधी सांगितलं नाही ते सांगते. मला तुम्ही जायला नको होतात. दिवसभर भांडायला माणूस मिळालं होतं. सोलकढीत लसूण घालायची की नाही यावर आपण पूर्ण चार महिने काढले. तोंडात "नाही" आलेलं होतं, आणि "नाही" म्हटलं असतं तर सगळ्यांनी मला काळजीवाहू म्हटलं असतं. मी म्हटलं, "राहील." वृंदा म्हणाली, "तुम्हालाही कंटाळा आला असेल करून." मी ते ऐकून घेतलं. बिननाटकाची अशी तेवढी एकच गोष्ट मी केली असेन.

पुढची दोन वर्षं तुम्ही तुमच्या घरात राहिलात. ती बातमी आली तेव्हा मी इंदूकाकींना पहिलं विचारलं, पायरीवरून का. त्या म्हणाल्या, नाही हो, सकाळी पडवीत बसल्या बसल्या. मी फोन ठेवून खाली बसले. मग रडले.

तेराव्याहून परतल्यावर सायलीला फोन केला. विचारलं, तो दीड महिना वाया गेला नसता तर हात सुटला असता का? ती म्हणाली, "सांगता येत नाही, आजी. कदाचित थोडा जास्त सुटला असता. कदाचित एवढाच." मी म्हटलं, "बटण लागलं असतं?" ती म्हणाली, "कदाचित." तिने माझी समजूत घातली नाही. चांगली पोर आहे.

तुमचा शब्द पाळला असता तर सोपं होतं. पण हकिकती कशा चालतात ते मला चांगलं माहीत आहे, मीच त्या चालवते. आज वृंदाने लाडू वळताना सांगितलं, उद्या कोणाला व्यायाम करा म्हणताना सांगेल, परवा आपल्या मुलांना सांगेल. तुमच्या नावापुढे आळशी हा शब्द कायमचा बसेल. आणि मी पुढच्या खोलीत चहा पीत असेन.

इथवर लिहून मी कागद बाजूला ठेवला होता. गेल्या रविवारी संध्याकाळी ती टेबलाशी पेपर तपासत होती. मी समोर जाऊन बसले.

"वृंदा, तुझी आई आळशी नव्हती. त्या खुणा तिने करायला लावल्या नव्हत्या. मीच केल्या. ती करायला जायची, मी करू देत नव्हते."

लाल पेन थांबलं.

"त्या दिवशी मी तिला काय काय बोलले ते आठवतंय तुम्हाला?"

"आठवतंय."

"तुम्ही तिथे होतात."

"दारात होते."

"ती काही बोलली नाही."

"तिने आळ स्वतःवर घेतला."

"आणि तुम्ही?"

"मी म्हटलं, जाऊ दे गो, आजारी माणूस आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी खाली बघायचं नाही असं ठरवून आले होते, तेवढं जमलं.

"रोज," ती म्हणाली. "रोज फोन केला की मी तिला पहिलं विचारायचे, आज तरी मनापासून केलंस का व्यायाम. दोन वर्षं. ती म्हणायची, होय गो, केला."

हे मला माहीत नव्हतं, शैलजाताई.

तिने पेपर गोळा केले आणि आत गेली. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते. भाजीत मीठ कमी आहे हेही मिलिंदकडून कळवते. तुम्ही म्हणाला होतात, सासूवर चिडली तर विसरायची नाही. बघू. घाई नाही, आणि कुठे जायचंही नाही. राग जिथे यायला हवा होता तिथे आलाय, एवढं मात्र खरं. तुमच्याकडे तो चुकून गेला होता.

एकच विचारायचं राहिलं. संध्याकाळी वृंदाचं आतल्या खोलीतून तुमच्याशी बोलून झालं की ती बाहेर येऊन फोन माझ्या हातात द्यायची. म्हणजे तुम्ही आत्ताच लेकीचं ते ऐकलेलं असायचं, आज तरी मनापासून केलंस का. आणि लगेच पुढचं वाक्य मला असायचं, "काय विहीणबाई, जेवलात का?" आवाजात कधी काही नसायचं. कसं जमायचं हो तुम्हाला? मी पलीकडून बडबडत सुटायची, आणि तुम्ही सगळं ऐकून घ्यायचात.